जगातली पहिली हार्डडिस्क एका शाळामास्तरच्या लॅबमध्ये बनली होती

लिनक्सचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. प्रोसेसर निवांत आहे, रॅम मोकळी आहे, तरी मशीन रखडतंय का? बऱ्याचदा उत्तर डिस्कपाशी सापडतं. ही फिरणारी डिस्क ज्याच्या देखरेखीखाली जन्माला आली, तो माणूस म्हणजे रेनॉल्ड जॉन्सन.

जन्म १९०६ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा. पोरगं उचापती. बहिणींना भेटायला येणाऱ्या पोरांच्या गाड्यांचे स्पार्क प्लग तो पेन्सिलीनं गिरगटून ठेवायचा. पेन्सिलीच्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे ठिणगी पडायचीच नाही. गाडी जागेवर.

पुढे हाच पोरगा मिशिगनमध्ये हायस्कूलला विज्ञान शिकवायला लागला. पेपर तपासून जीव मेटाकुटीला आला तेव्हा जुनी खोडी कामी आली. उत्तरावर पेन्सिलीची खूण असेल तर तिथून वीज जाईल, मग मार्क मशीनच मोजेल! त्यानं तसं मशीन बनवलं. काळ महामंदीचा होता. १९३४ मध्ये आयबीएमनं मशीनचे हक्क विकत घेतले आणि मास्तरांनाही नोकरीवर घेतलं.

१९५२ मध्ये कंपनीनं त्याला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला नवी लॅब उभारायला पाठवलं. तेव्हा माहिती पंच कार्डांवर किंवा टेपवर असायची. टेपची अडचण अशी की मधली एक नोंद हवी असेल तरी आधीची सगळी टेप पुढे सरकवा. जॉन्सनच्या टीमला कुठलीही नोंद थेट उचलायची होती.

त्यांनी फिरत्या ॲल्युमिनियमच्या तबकड्या निवडल्या. पण त्यांवर चुंबकीय रंगाचा एकसारखा थर बसेना. शेवटी रंग चक्क बायकांच्या नायलॉनच्या स्टॉकिंग्जमधून गाळला आणि फिरत्या तबकडीच्या मधोमध कपानं ओतला. रंग आपोआप कडेपर्यंत पसरला. वाचणारं हेड तबकडीला घासू नये म्हणून मध्ये दाबलेल्या हवेची गादी ठेवली.

सप्टेंबर १९५६ मध्ये 'रॅमॅक' बाजारात आलं. २४ इंची ५० तबकड्या, वजन टनभर आणि जागा ५० लाख अक्षरांची. म्हणजे आज मोबाईलनं काढलेला एखादा फोटो जेमतेम मावेल! एक नोंद शोधायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागायचे, कारण एकच दांडा ५० तबकड्यांमध्ये वर-खाली जायचा.

हा शोधण्याचा वेळ आजही पिच्छा सोडत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे नोंद हेडखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद गेलेच. हेड सरकायचा वेळ वेगळा. म्हणूनच लिनक्सवर 'एफआयओ' टूलनं टेस्ट घेतली की सलग वाचताना झकास वाटणारी डिस्क विखुरलेल्या नोंदी वाचताना माती खाते. नुसत्या सलग वाचनाच्या आकड्यावर डेटाबेससाठी डिस्क निवडली, तर फसगत ठरलेली. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसल्यानं तिथं हा फरक बराच कमी होतो.

जॉन्सन १९७१ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ९० हून जास्त पेटंट होती. १९८६ मध्ये अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी मिळालं. पण निवृत्तीनंतर मास्तर पुन्हा पोरांकडेच वळले. त्यांच्या तंत्रावर लहान मुलांसाठी बोलणारी पुस्तकं निघाली. १९९८ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.