पन्नास वर्षांनी उमटलेले नाव

मालिकेचे शीर्षकसंगीत म्हणजे घराला घातलेली हाक असते. दूरदर्शनवर एकच वाहिनी होती त्या काळात ही हाक कानावर आली की स्वयंपाकघरातली माणसे हात पुसत बाहेर यायची आणि अभ्यासाला बसलेली पोरे पुस्तक पालथे घालून पळत सुटायची. पुढे मालिकेची गोष्ट विसरते, पात्रांची नावे विसरतात. पण ती सुरावट कुठे चुकून ऐकू आली तर आपण जागच्या जागी थबकतो. मात्र ती केली कुणी, वाजवली कुणी, असे विचारले तर दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. कारण ती नावे पडद्यावरून सरकत असतात, तेव्हा आपण चहा टाकायला उठलेलो असतो. मला ही नावे शेवटपर्यंत वाचायची खोड आहे. घरचे त्याला हसतात. या खोडीपायीच मी एका बाईच्या मागे लागलो, जिचे नाव पन्नास वर्षे त्या यादीत नव्हतेच!

या बाईचे नाव डेलिया डर्बीशायर. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी डेलियाबाईंचे काम नक्की ऐकले आहे. परग्रहावरचा एक प्रवासी काळात पुढेमागे हवा तसा हिंडतो, आणि त्याचे यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्याएवढे दिसते, आत शिरले की मात्र वाड्यासारखे मोठे, अशी ही गंमतीदार कल्पना. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अमेरिकेत केनेडींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ब्रिटनमध्ये दाखवला गेला. १९८९मध्ये मालिका थांबली आणि २००५मध्ये पुन्हा सुरू झाली. ब्रिटनमध्ये आजोबा आणि नातवंडे या दोघांच्याही लहानपणात ती आहे. आणि तिच्या सुरुवातीला ते संगीत! खालून दुडक्या चालीने येणारा खर्ज, वरून दूरच्या शिट्टीसारखा वळसे घेत उतरणारा सूर आणि मधूनच वाऱ्यासारखा घोंघावणारा आवाज. ऐकणारा विचारात पडतो, हे वाद्य कोणते? गंमत अशी की या संगीतात वादक म्हणावा असा कुणी नाही.

हे कसे, ते सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे.

डेलियाचा जन्म ५ मे १९३७चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा. वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर. ती साडेतीन वर्षांची असताना, १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर प्रचंड बाँबवर्षाव केला. शहराचे जुने कॅथिड्रल त्या रात्री जळाले. पुढे डेलियाला उत्तरेला प्रेस्टन या गावी हलवण्यात आले. हवाई हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा आणि नंतरचा ‘संकट टळले’ असे सांगणारा भोंगा, हे तिच्या कानांवरचे पहिले मोठे संस्कार. हा आवाज कुठल्या वाद्याचा नाही, त्याला चाल नाही, पण तो ऐकताच माणसाचे काळीज हलते, हे तिला तेव्हापासून ठाऊक झाले होते. आपल्या संगीताचे मूळ तिथे आहे, असे ती मोठेपणी सांगत असे.

मुलगी हुशार निघाली. पियानो शिकली आणि गणितातही चमकली. कामगाराच्या घरातली ही पोर शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गेली, तीही गणितासाठी. तिथे तिने संगीताचीही जोड घेतली आणि १९५९मध्ये दोन्ही विषयांत पदवी मिळवली. सूर आणि संख्या यांचे नाते आपल्याला नवे नाही. तार निम्म्यावर दाबली की सूर एक सप्तक वर जातो, हे सतार शिकणाऱ्या मुलालाही माहीत असते. डेलियाने हे नाते आयुष्यभराचा धंदा म्हणून निवडायचे ठरवले.

पण दार कुठले ठोठवायचे? त्याच वर्षी तिने डेक्का या रेकॉर्ड कंपनीकडे अर्ज केला. आमच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत आम्ही बायकांना घेत नाही, असे तिला सांगण्यात आले. त्यात कुणाला वावगेही वाटले नाही. तो काळच तसा होता. मग काही दिवस जिनिव्हात मुलांच्या शिकवण्या, काही दिवस शाळेत मास्तरकी, काही दिवस लंडनमधल्या एका संगीत प्रकाशकाकडे नोकरी, असे करत करत १९६०च्या अखेरीस ती बीबीसीत शिकाऊ साहाय्यक म्हणून लागली.

बीबीसीचा एक विभाग होता ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’. १९५८मध्ये तो सुरू झाला. नभोनाट्यांना आणि कार्यक्रमांना लागणारे विचित्र, कधी न ऐकलेले आवाज तयार करणे हे त्याचे काम. लंडनच्या मेडा व्हेल भागातल्या ज्या इमारतीत तो होता, ती पूर्वी चाकांच्या बुटांवरून घसरण्याचे क्रीडागृह होती. या विभागात माणसे सहसा तात्पुरती पाठवली जात आणि फार काळ राहायला कुणी राजी नसे. डेलियाने मात्र आपणहून बदली मागितली. वरिष्ठांना आश्चर्य वाटले. १९६२मध्ये ती तिथे रुजू झाली. आता तिला डेलियाबाई म्हणायला हरकत नाही, कारण इथून पुढे त्या आपल्या क्षेत्रातल्या उस्ताद आहेत.

पुढच्याच वर्षी ‘डॉक्टर हू’चे काम आले. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांना नेहमीच्या वाद्यवृंदापेक्षा काही वेगळे हवे होते. चाल बांधली रॉन ग्रेनर यांनी. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, आणि टेलिव्हिजनच्या शीर्षकसंगीतात त्यांचा हात तेव्हा चांगला बसलेला होता. त्यांनी डेलियाबाईंच्या हातात कागदाचे एक पान ठेवले. त्यावर मुख्य सुरावट होती, खर्जाची चाल होती आणि कुठे ढगांसारखे, कुठे वाऱ्याच्या बुडबुड्यासारखे काही हवे, अशा मोघम सूचना होत्या. ढग कसा वाजवायचा, हे त्या पानावर नव्हते. ते शोधणे डेलियाबाईंकडे आले.

आज एखादा शाळकरी मुलगा संगणकावर तासाभरात जे करील, त्याला तेव्हा काय करावे लागे ते ऐका. कळफलक असलेला सिंथेसायझर तिथे नव्हता. होती ती यंत्रे तपासण्यासाठी वापरली जाणारी ऑसिलेटर नावाची खोकी. बटण फिरवावे तसा त्यातून बारीक किंवा जाड सूर निघे. होती एक ताणलेली तार. होती रेडिओचे केंद्र नीट लागले नाही की येते तसली खरखर. आणि होती टेप, ब्लेड आणि चिकटपट्टी.

तार एकदा छेडून तिचा आवाज टेपवर घ्यायचा. टेप दुप्पट वेगाने फिरवली की तोच आवाज एक सप्तक वर जातो, निम्म्या वेगाने फिरवली की एक सप्तक खाली येतो. मधल्या प्रत्येक सुरासाठी मधला नेमका वेग. असा एकेक सूर वेगळा तयार करायचा. मग लय. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल तर अर्ध्या सेकंदाच्या सुराला साडेसात इंचांचा तुकडा लागतो. पट्टीने मोजायचा, ब्लेडने कापायचा, पुढच्या तुकड्याला चिकटवायचा. वरच्या शिट्टीसारख्या सुरासाठी ऑसिलेटरचे बटण हाताने हळूच फिरवत मींड काढायची. खरखर गाळून तिचा वारा करायचा. खर्जाची एक टेप, सुरावटीची दुसरी, वाऱ्याची तिसरी. अनेक पट्ट्यांवर एकत्र ध्वनिमुद्रण करणारे यंत्र नव्हते, म्हणून या टेपा वेगवेगळ्या यंत्रांवर चढवायच्या आणि सगळी यंत्रे एकाच क्षणी सुरू करायची. एक जरी सूर चुकला तरी सगळा डोलारा कोसळणार! एकदा तसे झालेही. कुठेतरी एक तुकडा कमीजास्त कापला गेला होता. तेव्हा डेलियाबाईंनी आणि त्यांचे सहकारी डिक मिल्स यांनी त्या इमारतीच्या लांबलचक बोळात टेपा शेजारी शेजारी उलगडून पसरल्या आणि कुठला जोड पुढेमागे झाला आहे ते डोळ्यांनी शोधून काढले. संगीतातली चूक जमिनीवर ओणवे होऊन शोधावी लागली, असे दुसरे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

काम पुरे झाल्यावर ग्रेनर यांनी ते ऐकले आणि ते थक्क झाले. हे खरोखर मीच लिहिले आहे का, असा प्रश्न त्यांना पडला. सज्जन माणूस. डेलियाबाईंना सहरचनाकार म्हणून श्रेय मिळावे, मानधनातला निम्मा वाटा मिळावा, म्हणून त्यांनी प्रयत्न केला. बीबीसीने तो मानला नाही. वर्कशॉपमधली माणसे पगारी नोकर. त्यांनी केलेले काम विभागाच्या नावाने जाईल, व्यक्तीच्या नाही, असा दंडक होता. पडद्यावर ग्रेनर यांचे नाव आले आणि विभागाचे आले. डेलियाबाईंना त्यांचा पगार मिळाला.

या दंडकामागेही एक विचार होता, हे मान्य केले पाहिजे. अशा विभागात एकाचे काम दुसऱ्याच्या हाताखालून जाते; कुणाकुणाची नावे लावायची? आपल्याकडेही चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक, गीतकार, संगीतकार छापले गेले. ज्यांनी वाद्यमेळ रचला त्या संयोजकांची आणि ज्यांनी तो वाजवला त्या वादकांची नावे क्वचितच आली. कागदावर चाल लिहिणारा तो निर्माता आणि तिला आवाज देणारा तो कामगार, अशी ही जुनी समजूत आहे. मला ती पटत नाही. ‘डॉक्टर हू’ची चाल पेटीवर वाजवून पाहा, ओळखू येते. पण अंगावर काटा येतो तो चालीने नव्हे, आवाजाने. तो आवाज त्या पानावर लिहिलेला नव्हता.

डेलियाबाई थांबल्या नाहीत. १९६४मध्ये बॅरी बर्मान्ज यांच्याबरोबर त्यांनी रेडिओसाठी एक अजब रचना केली. साध्यासुध्या माणसांनी आपापली स्वप्ने सांगितलेली, आणि त्यांच्या बोलण्याभोवती त्यांचे सूर. सहाराच्या वाळवंटातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटासाठी त्यांनी १९६७मध्ये संगीत दिले, त्यासाठी काय वापरले? दिव्यावरची पत्र्याची हिरवी छत्री! तिच्यावर टोला मारायचा, टोल्याचा पहिला ठणका टेपवरून कापून टाकायचा आणि उरलेली घुमणारी आस तेवढी ठेवायची. त्यातून उंटांचे तांडे क्षितिजावर तरंगू लागले. १९६९मध्ये बाहेरच्या मित्रांबरोबर त्यांनी एक संपूर्ण ध्वनिमुद्रिकाही केली. ती तेव्हा फारशी खपली नाही. आज जाणकार तिला मैलाचा दगड मानतात.

पण दिवस बदलत होते. १९७०च्या सुमारास वर्कशॉपमध्ये सिंथेसायझर आले. काम झटपट होऊ लागले, मागणी वाढली, मुदती आवळल्या. एकेक सूर हाताने घडवणाऱ्या बाईंना त्या तयार सुरांत जीव दिसेना. १९७३मध्ये त्यांनी बीबीसी सोडली आणि थोड्याच काळात संगीतही सोडल्यासारखे केले. केंब्रिजची ही पदवीधर कम्ब्रियाच्या रानात गॅसची नळवाहिनी टाकणाऱ्या लोकांकडे रेडिओ-ऑपरेटर म्हणून राहिली. नंतर तिथल्याच एका चित्रकाराच्या कलादालनात मदतनीस झाली. एक लग्न झाले, ते टिकले नाही. मद्याची सवय जडली, ती सुटली नाही. १९८०पासून त्या नॉर्थॅम्प्टनमध्ये आपल्या जोडीदाराबरोबर राहत होत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी तरुण मुले त्यांना शोधत आली. पीटर केंबर या संगीतकारामुळे त्या पुन्हा कामात रस घेऊ लागल्या होत्या. पण शरीर थकले होते. ३ जुलै २००१ रोजी, वयाच्या ६४व्या वर्षी, मूत्रपिंडे निकामी होऊन त्या गेल्या.

त्यानंतर घराचा माळा उघडला, तेव्हा नाश्त्याच्या पोह्यांच्या रिकाम्या खोक्यांत २६७ टेपा सापडल्या. पगारी नोकराचे काम म्हणून ज्यावर नावही लागले नव्हते, ते बाईंनी स्वतः जपून ठेवले होते. त्या टेपा आता मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत आणि अभ्यासक त्यांवर काम करतात. २०१७मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर डॉक्टरेट दिली. भोंगे ऐकत भेदरलेल्या पोरीच्या गावाने केलेला हा सन्मान.

आणि ते नाव? मालिकेला पन्नास वर्षे झाली, त्या २३ नोव्हेंबर २०१३च्या दिवशी एक खास भाग अनेक देशांत एकाच वेळी दाखवला गेला. त्याच्या शेवटी शीर्षकसंगीताच्या श्रेयात रॉन ग्रेनर यांच्यासोबत डेलिया डर्बीशायर हे नाव पडद्यावर पहिल्यांदा आले. बाईंना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. आपल्या वाट्यातला निम्मा वाटा द्यायला निघालेले ग्रेनर तर १९८१मध्येच वारले होते. देऊ पाहणारा गेला, घेणारी गेली. दोघांची नावे तेवढी एका ओळीत आली.