लोकरीच्या सहा चेंडूंचा शिक्षक

बालोद्यानाचे जनक फ्रीडरिख फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात, ओबरवाइसबाख या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. फ्रोबेल अवघे नऊ महिन्यांचे असताना आईचे छत्र हरपले. सावत्र आईची माया त्यांना फारशी लाभली नाही. आईवाचून गेलेल्या या बालपणाचे पडसाद त्यांच्या पुढील कार्यात जागोजागी उमटलेले दिसतात.

वनविद्येची उमेदवारी केल्यानंतर १८०५ साली ते फ्रँकफुर्ट येथे शिक्षक झाले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉझी यांच्या सान्निध्यात त्यांनी दोन वर्षे काढली. १८१६ साली स्वतःची शाळा काढली. मात्र शिक्षणाचा खरा पाया शाळेपूर्वीच, आईच्या मांडीवर घातला जातो, ही त्यांची धारणा उत्तरोत्तर दृढ होत गेली.

१८३७ साली ब्लँकेनबर्ग येथे त्यांनी खेळसाहित्य तयार करण्यास प्रारंभ केला. त्यांचा पहिला ‘उपहार’ म्हणजे लोकरीने विणलेले सहा मऊ चेंडू. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा असे त्यांचे रंग; प्रत्येकाला दोरा. लोकर आणि सुई असलेल्या कोणत्याही घरात आईला ते करता येत. दोऱ्याने चेंडू झुलवीत आईने गाणे म्हणावे आणि मुलाने वर-खाली, इकडे-तिकडे यांचा अर्थ डोळ्यांनी व हातांनी जाणावा, अशी ही योजना होती. चेंडू मुठीत दडला तरी तो नाहीसा होत नाही, पुन्हा दिसतो, हेही बालकाला त्यातूनच उमगे. मऊ चेंडूनंतर लाकडी गोल, घन व दंडगोल येत. पुढे कागदाची वीण, शिवण आणि मातीकाम. १८४० साली त्यांनी आपल्या संस्थेला किंडरगार्टन, अर्थात बालकांची बाग, हे नाव दिले.

परंतु ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. ही शिक्षणपद्धती नास्तिकता व समाजवाद पसरविते, असा आरोप होता. फ्रोबेल यांचा पुतण्या कार्ल याच्या लेखनाशी त्यांच्या विचारांची गल्लत झाली होती. फ्रोबेल यांनी खुलासा करूनही बंदी उठली नाही. तो घाव सोसतच २१ जून १८५२ रोजी त्यांनी देह ठेवला.

हे कार्य थांबले नाही, याचे श्रेय प्रामुख्याने स्त्रियांना जाते. त्यांच्या शिष्या बेर्था फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो यांनी युरोपभर या पद्धतीचा प्रसार केला. १८५६ साली मार्गारेट शुर्झ यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये आपल्या घरीच बालोद्यान सुरू केले. प्रशियातील बंदी १८६० साली उठली. ते पाहण्यास मात्र फ्रोबेल हयात नव्हते.

श्वाइना येथील त्यांच्या समाधीवर घन, दंडगोल आणि गोल यांचे पाषाणशिल्प उभे आहे. लोकरीचा चेंडू दगडात घडविता येत नाही. तो मुलांच्या हातातच राहिला.