स्मरणशक्तीचे मोजमाप करणारे हर्मन एबिंगहाउस

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी बार्मेन येथे झाला. स्मरणशक्ती मोजण्यासाठी त्यांनी सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले आणि १८७९ पासून ते स्वतः पाठ करून, एकट्यावरच प्रयोग केले. पाठांतराचा निम्म्याहून अधिक लाभ तासाभरातच ओसरतो, असे त्यांना आढळले. मात्र तीन दिवसांत विभागलेली ३८ आवर्तने एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांइतकीच उपयुक्त ठरली. १८८५ मध्ये हे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. २६ फेब्रुवारी १९०९ रोजी हाले येथे त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना त्यांच्या पद्धतीने विस्मरणाचा तसाच आलेख मिळाला. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेल्या घोकंपट्टीपेक्षा ठरावीक दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी कमी श्रमात अधिक टिकते, हेच त्यांचे कार्य विद्यार्थ्यांना सांगते.