हाताची भूक ओळखणाऱ्या ताराबाई

काही मुलांचा हात म्हणून थांबत नाही. लग्नात बसलेल्या बायकांच्या साडीचे काठ एकेक करून चाचपतील, भिंतीला बोटं घासत चालतील, तुरीच्या डब्यात हात घातला की काढणारच नाहीत. दहादा ओढून आणा, अकराव्यांदा तिथंच! मग हातावर चापट बसते आणि आईला ऐकावं लागतं, पोराला वळण लावलं नाही म्हणून. यवतमाळ असो, वणी असो की पुसद, स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईला हे काही नवीन नाही.

मैत्रिणींनो, मुलाच्या हातालाही भूक असते, हे मराठी घरांत पोचवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, त्या ताराबाई मोडक एकेकाळी आपल्या शेजारच्या अमरावतीच्या सूनबाई होत्या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलगी म्हणून शिक्षण अडलं नाही. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट! पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. लोक काय म्हणतील याचा धाक तेव्हा आजच्याहून कितीतरी जास्त. तरी ताराबाई खचल्या नाहीत. राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. मग १९२३ साली ही मानाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात लहान मुलांसोबत जमिनीवर येऊन बसल्या.

गिजुभाईंचं काम इटलीच्या डॉक्टर मारिया मॉंटेसरींच्या विचारांवर चाललेलं होतं. त्या विचारांचं मूळ मोठं हृदयाला भिडणारं आहे. तरुणपणी मॉंटेसरीबाई रोममध्ये बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांना तपासत. ही मुलं वेड्यांच्या इस्पितळात, रिकाम्या खोल्यांत कोंडलेली असत. जेवण झालं की जमिनीवरचे पावाचे तुकडे गोळा करून चिवडत बसत. सांभाळणाऱ्या बाईला तो हावरटपणा वाटे. मॉंटेसरीबाईंनी मात्र खोलीभर नजर फिरवली, तर मुलांच्या हाताला लागेल असं तिथं दुसरं काहीच नव्हतं! पोट भरलेलं होतं, भूक हाताची होती, असा हा प्रसंग सांगितला जातो. पुढे त्यांनी खरखरीत-गुळगुळीत पाट्या, जड-हलके ठोकळे, तऱ्हेतऱ्हेच्या कापडांचे तुकडे अशी साधनं मुलांच्या हाती दिली.

ताराबाईंनी १९२६ साली गिजुभाईंबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला. मराठी शिक्षण पत्रिकेतून त्या आयांशी बोलत राहिल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार उभं केलं. पण ही साधनं महाग. गरिबाच्या लेकरानं काय करायचं? हा प्रश्न घेऊन १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची! शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती हीच साधनं झाली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, वारली मुलांसाठी गुरं चरायच्या कुरणातही शाळा भरली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. योगायोग बघा, मॉंटेसरीबाईंचा जन्मही ३१ ऑगस्टचाच, १८७० सालचा.

ताराबाईंचं काम सगळ्याच लहानग्यांसाठी होतं, स्वमग्न मुलांसाठी वेगळं असं नव्हतं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत ऑटिझमचं वर्णन छापलं ते १९४३ साली, म्हणजे ताराबाईंना या कामात वीस वर्षं झाल्यावर. पण त्यांची दृष्टी या आयांच्या फार उपयोगाची आहे. स्वमग्न मुलाच्या मेंदूत स्पर्श, आवाज, वास यांची नोंद वेगळी होते. कुणाला शर्टाच्या मागची चिठ्ठी काट्यासारखी टोचते, कुणाला साधा स्पर्श पुरेसा जाणवतच नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा घासतो, दाबतो, चाटतो. गर्दी-गोंगाटात तीच ती गोष्ट चाचपली की जीव शांत होतो. २०१३ पासून अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतही हे ऑटिझमचं एक लक्षण म्हणून धरलं आहे. तेव्हा हा हट्ट नाही, आणि आईची चूक तर नाहीच नाही.

मग करायचं काय? हात मारून मागे घेण्यापेक्षा त्या हाताला काहीतरी द्यायचं. जरीच्या काठाचा तुकडा खिशात ठेवा. म्हणजे लग्नात दुसऱ्याच्या पदराला हात जाणं कमी होईल. पोळ्या करताना कणकेचा गोळा मळायला द्या. पोळ्याच्या वेळी बैल करायला माती द्या. तूर, चवळी निवडायला बसवा, पण जवळ बसून, कारण दाणे नाका-तोंडात जातात. कापूस द्यायचा तर घरातल्या गादीचा द्या, फवारलेल्या शेतातला नको. फवारणीच्या विषबाधेनं २०१७ साली आपल्या जिल्ह्यात किती घरं उघडी पडली, हे आपल्याला ठाऊकच आहे. मूल स्वतःला चावत असेल, डोकं आपटत असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.

एक ध्यानात ठेवा, चाचपणारं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. पण हाक मारली तर बघत नाही, नजर देत नाही, बोलणं आलं नाही किंवा आलेलं थांबलं, असंही असेल तर अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं त्यांना सांगा, बालरोगतज्ज्ञाकडे जा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. त्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते काढून ठेवा.

ऑटिझम हा काही आजार नाही की औषधानं जाईल. मूल मोठं होईल, तेव्हाही त्याचा हात काहीतरी शोधत राहील. त्याला कुणी हसू नये, एवढं शेजारणीला, आत्याला, मास्तरांना समजावणं आपल्या हातात आहे. अंगणातल्या बिया आणि खडे घेऊन ताराबाईंनी जन्मभर तेच तर केलं!