मोस्ले : अपवादाचे कोडे सोडविणारा संशोधक



आवर्तसारणी शिकविताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, की अरगॉनचे अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशियमचे ३९.१०, मग जड असलेला अरगॉन आधी कसा? आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली, तेव्हा हा अपवाद आहे, पाठ करा, एवढेच उत्तर आम्हाला मिळाले. शिक्षक झाल्यावर काही वर्षे आम्हीही तेच सांगत राहिलो. ती आमची चूक होती. ती दुरुस्त करण्यासाठी हेन्री मोस्ले यांचा हा परिचय.

मोस्ले यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी इंग्लंडमधील वेमथ येथे झाला. वडील ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. पण मुलाला चार वर्षे पूर्ण होण्याआधीच ते वारले. १९१० मध्ये मोस्ले ऑक्सफर्डहून पदवीधर झाले, तेही द्वितीय श्रेणीत. त्यानंतर ते मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गेले व प्रथम किरणोत्सारी पदार्थांवर काम करू लागले.

त्या काळी अणुअंक म्हणजे हजेरीपटावरील नंबरासारखा होता. तो अणुकेंद्रावरील धनप्रभार असावा, अशी कल्पना मांडली गेली होती. पुरावा मोस्ले यांनी दिला. १९१३ मध्ये त्यांनी कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या मूलद्रव्यांचे क्ष-किरण मोजले. एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना किरणांच्या वारंवारतेचे वर्गमूळ समान पायरीने वाढत होते. म्हणजे क्रम वजनाने नव्हे, प्रभाराने ठरतो. कोबाल्ट २७ व निकेल २८, टेल्युरियम ५२ व आयोडीन ५३, अरगॉन १८ व पोटॅशियम १९. सारे अपवाद नियमात बसले. ४३ व ६१ या जागा रिकाम्या आहेत, हेही दिसले. त्या १९३७ व १९४५ मध्ये भरल्या. ही दोन्ही मूलद्रव्ये किरणोत्सारी असून त्यांचे एकही स्थिर रूप नाही.

पण अरगॉन जड का? याचे उत्तर नैसर्गिक किरणोत्सारितेत आहे. पोटॅशियमच्या दहा हजार अणूंपैकी साधारण एक पोटॅशियम-४० असतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे. असे शंभर अणू क्षय पावले की त्यांतील सुमारे अकरांचा अरगॉन-४० होतो. हवेतील अरगॉन बहुतेक असाच, खडकांतील पोटॅशियमपासून तयार झालेला आहे. आपल्या खजुरी परिसरातील काळी माती ज्या लाव्हाच्या खडकापासून झाली, त्याचे सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे वयही याच क्षयाच्या हिशोबाने काढता येते. आपल्या तुरीच्या डाळीतही हे पोटॅशियम आहेच.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि मोस्ले सैन्यात भरती झाले. १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे, टेलिफोनवरून हुकूम देत असताना, गोळी लागून ते ठार झाले. वय अवघे २७. आपली सर्व मालमत्ता त्यांनी मृत्युपत्राद्वारे संशोधनासाठी रॉयल सोसायटीला दिली होती. नोबेल पारितोषिक त्यांना मिळू शकले नाही.

पालकांना विनंती, की द्वितीय श्रेणी पाहून मुलाची किंमत करू नका. विद्यार्थ्यांनो, अपवाद दिसला की कारण विचारा. उत्तर आम्हाला लगेच आले नाही, तर आपण मिळून शोधू.

– मुख्याध्यापक