शिपायाची कवायत

उर्दूत व्याकरणाला तुम्ही 'कवायद' म्हणता. मराठीत 'कवायत' म्हणजे सैनिकांची शिस्तबद्ध हालचाल. हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. त्याचा अर्थ आहे नियम. या दोन्ही कवायती एकाच वेळी शिकलेल्या एका इंग्रज शिपायाची ही गोष्ट आहे. त्याचे नाव विल्यम कॉबेट.

कॉबेटचा जन्म ९ मार्च १७६३ रोजी इंग्लंडमधील फार्नहॅम या गावी शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी तो शेतातील पाखरे हाकलत असे. थोडेफार लिहिणे-वाचणे त्याला वडिलांनीच शिकवले. १७८४ साली तो सैन्यात भरती झाला. त्याचे अक्षर सुंदर होते. म्हणून चॅटम येथील छावणीत त्याला कागदपत्रांच्या नकला करण्याचे काम मिळाले. पण अक्षर चांगले असले, तरी व्याकरण कच्चे होते! वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला अभ्यास करण्याचा सल्ला दिला. कॉबेटने रॉबर्ट लाउथ यांचे इंग्रजी व्याकरण मिळवले.

त्या वेळी शिपायाला रोज अवघे सहा पेन्स मिळत. लेखणी किंवा कागद घ्यायचा, तर पोटाला चिमटा काढावा लागे. बिछान्याची कड हेच त्याचे बाक, पाठीवरची पिशवी हेच कपाट आणि मांडीवरची फळी हेच टेबल होते. मेणबत्तीला पैसे नसत. हिवाळ्यात तो शेकोटीच्या उजेडात वाची. भोवती सोबत्यांचा गलका चाले. तरीही त्याने ते पुस्तक उतरवून काढले आणि पाठ केले. पहाऱ्यावर उभा असतानाही तो ते मनात घोळवी. पुढे तो सार्जंट-मेजर झाला.

१७९१ साली कॉबेटने सैन्य सोडले. १८०२ मध्ये त्याने 'पोलिटिकल रजिस्टर' हे साप्ताहिक सुरू केले. सैनिकांना फटके मारण्याच्या शिक्षेवर त्याने कडक टीका केली. त्याबद्दल १८१० साली त्याला दोन वर्षांची कैद झाली.

त्या काळी गोरगरिबांना मताचा हक्क नव्हता. आपले गाऱ्हाणे ते अर्ज लिहून संसदेपुढे मांडत. १७९३ मध्ये नॉटिंगहॅमच्या लोकांचा अर्ज संसदेने नाकारला. अर्जाची भाषा अदबीची नाही, असे कारण दिले गेले. कॉबेटला वाटे, भाषा येत नसेल तर हक्क कसा मागणार?

१८१७ मध्ये अटकेच्या भीतीने तो अमेरिकेत गेला. तेथे त्याने इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक लिहिले. ते १८१८ साली न्यूयॉर्कमध्ये छापले गेले. चौदा वर्षांच्या मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात ते आहे. सैनिक, खलाशी, उमेदवारी करणारी मुले आणि नांगर धरणारी मुले यांच्यासाठी त्याने ते मुद्दाम लिहिले. चुकांची उदाहरणे त्याने कोठून घेतली, ठाऊक आहे? खुद्द राजाच्या भाषणांतून आणि डॉ. जॉन्सनसारख्या विद्वानांच्या लेखनातून! व्याकरणापुढे राजा आणि शेतकरी सारखेच, हे त्यातून मुलांना कळले. आधी विचार पक्का करावा, मग साध्या शब्दांत लिहावा, हे त्याचे सांगणे होते.

१८३२ साली कॉबेट ओल्डहॅममधून संसदेवर निवडून आला. १८ जून १८३५ रोजी त्याचे निधन झाले.

मित्रांनो, इंग्रजीच्या तासाला तुम्ही मित्राला पत्र लिहिता आणि मुख्याध्यापकांना अर्जही लिहिता. दोन्हींची भाषा वेगळी असते. मित्राशी मोकळेपणाने बोलावे. अर्जात मात्र अदब हवी, मागणी स्पष्ट हवी आणि वाक्य शुद्ध हवे. मोठमोठ्या शब्दांची गरज नसते. उद्या शिष्यवृत्तीसाठी किंवा नोकरीसाठी तुम्हाला अर्ज करावा लागेल. तो दुसऱ्याकडून लिहून घेण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये. त्यासाठी आजच ही कवायत करा.