साथीदार बिल ब्लॅक

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एका मुलाने मला एल्व्हिस प्रेस्लीचे ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे ऐकवले आणि यात ठेका कोण देतो आहे, असे विचारले. मी दोनदा ऐकले. रॉक अँड रोल म्हटले की आम्हा रागदारीवाल्यांच्या कानांपुढे आधी ड्रमचा गलबलाच उभा राहतो, तेव्हा ड्रम असणारच अशी माझी समजूत. पण १९५४ सालच्या या ध्वनिमुद्रिकेत ड्रम मुळी नाहीच. एक गाणारा, त्याच्या हाती साधी गिटार, दुसरा गिटारवाला, आणि तिसरा एका भल्यामोठ्या वाद्याच्या तारा ओढून सोडणारा. ठेका या तिसऱ्याचा. त्याचे नाव बिल ब्लॅक. माझे वडील दरबारात जन्मभर साथीलाच बसले. त्यामुळे असा तिसरा माणूस कानांवर आला की गवई बाजूला राहतो आणि माझे लक्ष तिकडेच जाते.

विल्यम पॅटन ब्लॅकचा जन्म १७ सप्टेंबर १९२६ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, मेम्फिस शहरी झाला. नऊ भावंडांत तो थोरला. वडील शहराच्या ट्रामवर नोकरीला असत आणि फावल्या वेळी बँजो नि फिडल वाजवीत. सिगारच्या रिकाम्या खोक्याला फळी ठोकायची, तीवर तारा ताणायच्या, असले घरगुती वाद्य हेच या मुलाचे पहिले शिक्षण. दुसऱ्या महायुद्धात तो लष्करात होता. व्हर्जिनियातील छावणीत असताना लग्न जमले. १९४६ साली परत येऊन त्याने फायरस्टोन कंपनीच्या टायरच्या कारखान्यात नोकरी धरली. दिवसा कारखाना आणि रात्री वाजवणे, हा त्या काळच्या मेम्फिसमधील शेकडो वादकांचा क्रम होता. त्याचाही तोच.

त्याने हाती घेतलेले वाद्य म्हणजे डबल बेस. हे व्हायोलिनच्याच कुळातले, पण उंची माणसाहून अधिक. जमिनीवर उभे करून वाजवायचे. मोठ्या वाद्यवृंदात त्यावर गज फिरवतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लोकवादकांनी मात्र दुसरीच युक्ती काढली होती. तार बोटाने बाहेर ओढायची आणि सोडायची, म्हणजे ती परत येऊन पट्टीवर टक्‌कन आपटते; मधल्या जागी तळव्याने पट्टीवर थाप मारायची. आपल्या भाषेत सांगायचे तर डग्ग्याची घुमी आणि चाटेवरचा आघात ही दोन्ही एकाच वाद्यातून, एकाच हाताने काढायची, आणि शिवाय सूरही धरायचा. फ्रेड मॅडॉक्स नावाचा वादक असे वाजवी आणि वाजवताना सोंगे करी. बिलने त्याच्याकडून दोन्ही उचलले. रंगमंचावर गवती टोपी घालावी, पुढचे दात काळे करावेत, खेडवळ बावळटाचे सोंग आणावे, बेसवर चढून बसावे असा त्याचा खाक्या. आमच्या गुरुजनांनी याला मर्कटचेष्टा म्हटले असते. मलाही त्या फार रुचतात असे नाही. पण त्यांच्या उपयोगाची गोष्ट पुढे येतेच.

गिटारवादक स्कॉटी मूर आणि बिल हे ‘स्टारलाइट रँग्लर्स’ या स्थानिक संचात एकत्र होते. सन रेकॉर्ड कंपनीचा मालक सॅम फिलिप्स याने एकोणीस वर्षांच्या एका अनोळखी मुलाची परीक्षा घेण्यास या दोघांना सांगितले. दोघांचेही मत फारसे अनुकूल पडले नाही. तरी ५ जुलै १९५४ रोजी तिघे फिलिप्सच्या स्टुडिओत जमले. संथ गाणी काही केल्या जमेनात. मग विश्रांतीच्या वेळी एल्व्हिसने आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचे ‘दॅट्स ऑल राइट’ सहज चेष्टेत सुरू केले, बिलने लगोलग बेस उचलला, स्कॉटी मागून आला, आणि फिलिप्सने यंत्र चालू केले. तबकडीची दुसरी बाजू तर सर्वस्वी बिलच्या सोंगातून निघाली. बिल मन्रो याचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे तीन मात्रांच्या संथ चालीतले गाणे त्याने उंच, किनऱ्या आवाजात, भलत्याच वेगाने गायला घेतले. दादरा सोडून एकदम केरव्यात शिरावे तसे ते झाले, आणि तेच ठेवले गेले. त्या तबकडीवर नाव छापले आहे ते एल्व्हिस प्रेस्ली, स्कॉटी आणि बिल असे. तिघांचेही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

पुढची दोन वर्षे मोटारीतून भटकण्यात गेली. बेस आत मावत नसे. तो टपावर बांधायचा. टेक्सास, लुइझियाना, आर्कान्सा, कुठे शाळेचे सभागृह तर कुठे बेसबॉलचे मैदान. श्रोत्यांना हा नवा गवई कळेना, तेव्हा बिल विदूषकी करून सभा ताब्यात आणी. तो नसता तर सुरुवातीचे कित्येक कार्यक्रम पडले असते, अशी कबुली स्कॉटी मूरने पुढे दिली आहे. मिळकतीची वाटणी निम्मी गायकाची आणि पाव पाव दोघा साथीदारांची. आपल्याकडील मैफलींची बिदागी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही वाटणी उदार वाटेल.

ती टिकली नाही. १९५५ च्या अखेरीस आरसीए या बड्या कंपनीने एल्व्हिसचा करार विकत घेतला आणि सूत्रे कर्नल टॉम पार्करच्या हाती गेली. १९५६ साली ‘हार्टब्रेक हॉटेल’ देशभर गाजले. त्या गाण्यात बिलचा बेस सावकाश पावले टाकत चालतो, आणि माझ्या मते गाण्याचा निम्मा प्राण तिथेच आहे. पण तबकडीवर नाव एकट्या गायकाचे. आता साथीदारांना पगार होता. दौरा असेल तर आठवड्याला २०० डॉलर, नसेल तर १००. १९५७ साली आणखी एक प्रसंग घडला. एका ध्वनिमुद्रणात बिलला नव्याने निघालेला विजेचा बेस वाजवायला दिला. सुरुवातीची चाल बोटांत बसेना. संतापून त्याने तो जमिनीवर टाकला आणि तो चालता झाला. एल्व्हिसने तो उचलून स्वतः वाजवला.

सप्टेंबर १९५७ मध्ये हॉलिवूडला नाताळच्या गाण्यांचे मुद्रण चालले होते. काम संपल्यावर उरलेल्या वेळात स्कॉटी व बिल यांना स्वतःची वाद्यसंगीताची तबकडी करू देण्याचे ठरले होते. आयत्या वेळी काम गुंडाळले गेले. त्याच रात्री दोघांनी राजीनामे लिहिले. ड्रमवादक डी. जे. फॉन्टाना, जो १९५५ साली संचात आला होता, त्याने सही केली नाही. आपण पहिल्यापासून पगारी नोकर, ठरले ते आपल्याला मिळते आहे, तेव्हा तक्रार कसली, हा त्याचा हिशेब. तोही चूक म्हणता येत नाही. पण जो वाटेकरी म्हणून निघाला आणि नोकर म्हणून पोचला त्याचे दुःख वेगळे. पगाराची बोलणी तर चालूच होती. ती कुठेही चालतात. मला वाटते, जिव्हारी लागला तो स्वतःच्या वाजवण्यासाठी कबूल केलेला आणि काढून घेतलेला तो थोडा वेळ. काही आठवड्यांनी दोघे कामापुरते परत आले. बिलची एल्व्हिसबरोबरची शेवटची ध्वनिमुद्रणे फेब्रुवारी १९५८ मधील. मार्चमध्ये एल्व्हिस लष्करात भरती झाला. १९६० साली तो परतल्यावर स्कॉटी आणि फॉन्टाना त्याच्या साथीला पुन्हा बसले. बिल बसला नाही.

कारण तोवर त्याचा स्वतःचा संच उभा राहिला होता. १९५९ साली मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्स कंपनीने ‘बिल ब्लॅक्स कॉम्बो’ची ‘स्मोकी, भाग २’ ही तबकडी काढली. पियानो, सॅक्सोफोन, गिटार, ड्रम आणि बेस, गायक नाही. ज्याच्यावर एकदा रागावला होता तोच विजेचा बेस आता बिल वाजवू लागला होता. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीची जी निराळी यादी ‘रिदम अँड ब्लूज’ या नावाने छापली जाई, तिच्यात ही तबकडी पहिली आली, आणि १९६० साली ‘व्हाइट सिल्व्हर सँड्स’देखील. वर्णभेदाच्या त्या दिवसांत हा संच कृष्णवर्णीयांचाच असावा अशी पुष्कळांची समजूत होती. १९५९ ते १९६२ या काळात अमेरिकेच्या पहिल्या चाळीस तबकड्यांत त्याच्या आठ चढल्या. त्यांतील एक ‘डोन्ट बी क्रूएल’. १९५६ साली हेच गाणे एल्व्हिसने गायले तेव्हा साथीला बिल होता; चार वर्षांनी त्याने तेच गवयाला वजा करून वाजवले, आणि ते अकराव्या क्रमांकापर्यंत गेले. यात टोमणा होता की काय, कोण जाणे. मला तरी ऐकताना हसू येते.

१९६४ साली बीटल्स मंडळी अमेरिकेच्या पहिल्या मोठ्या दौऱ्यावर आली. त्यांच्याआधी रंगमंचावर जाऊन सभा तापवण्याचे आणि इतर गायकांना साथ देण्याचे काम बिल ब्लॅक्स कॉम्बोला मिळाले. गिटारवर रेजी यंग होता. बिल नव्हता. प्रकृती साथ देत नव्हती. संच त्याच्या नावाने गावोगाव फिरला आणि तो स्वतः मेम्फिसलाच राहिला. मेंदूत गाठ निघाली. २१ ऑक्टोबर १९६५ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी तो वारला. एल्व्हिस अंत्यविधीला आला नाही. आपण गेलो तर तेथे गर्दीचा गोंधळ होईल, असे कारण सांगितले गेले. फॉरेस्ट हिल स्मशानभूमीत बिलचे दफन झाले. १९७७ च्या ऑगस्टमध्ये एल्व्हिस गेला, तेव्हा त्यालाही आधी तेथेच आणले होते. सुमारे दीड महिना गवई आणि साथीदार एकाच आवारात होते. मग ऑक्टोबरात एल्व्हिसला ग्रेसलँड या त्याच्या राहत्या वास्तूत हलवले. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बिल ब्लॅकचे नाव लागले ते २००९ साली, साथीदारांच्या वर्गात, फॉन्टानाच्या बरोबरीने.

बिलचा तो जुना उभा बेस मात्र कुठे अडगळीत पडला नाही. १९७० नंतरच्या दशकात लिंडा मॅकार्टनीने तो विकत घेऊन आपल्या नवऱ्याला, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला, वाढदिवसाची भेट म्हणून दिला. १९९६ साली निघालेल्या बीटल्सच्या ‘रिअल लव्ह’ या गाण्यात तो वाजला आहे. माझ्या विद्यार्थ्याला मी ते शोधून आणायला सांगितले आहे.